दुसऱ्याच्या निमित्ताने आलेलं रडू : समुपदेशक ताईंना आभारपत्र

ताई,

सप्रेम नमस्कार.

शेवटच्या भेटीनंतर निघताना मी नुसतं ‘थँक्यू’ म्हटलं होतं. तेवढ्यावर भागत नाही, म्हणून हे पत्र. उघडपणे लिहितेय, कारण मी होते तशी माणसं बरीच असणार. सगळं रीतसर निभावलेली, कुणापुढे डोळ्यांतून टिपूस न काढलेली, आणि त्याबद्दल कौतुकच वाट्याला आलेली.

बाबा गेले तेव्हा जो तो म्हणाला, “पोरगी धीराची आहे.” कागदपत्रं, बँक, नातेवाइकांचे फोन, आईची औषधं, सगळं मी पाहिलं. रडू मात्र येईना. घशात आवंढा अडकून बसलेला, सकाळी उठावं तर जबडा आवळून दुखत असायचा, आणि कुणी पेला जोरात ठेवला तरी मी अंगावर धावून जायचे. तुमच्याकडे आले तीसुद्धा झोप लागत नाही ही तक्रार घेऊन. बाबांचा विषय निघाला की मी तारखा सांगायला लागायचे. दाखल कधी केलं, कोणती तपासणी झाली, डॉक्टर काय म्हणाले. तुम्ही ते सगळं शांतपणे ऐकून घेतलंत.

“रडून घे, मोकळं वाटेल” असं तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत. पहिले आभार याचेच. ते ऐकून माझे कान किटले होते. तुम्ही विचारलंत ते एवढंच, “सिनेमे बघतेस का?”

मग तुम्ही दिलेला तो गृहपाठ! वडील गेल्याची गोष्ट मुद्दाम निवडायची नाही. जवळची वाटेल, पण आपली नसेल अशी गोष्ट घ्यायची. फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा. संपल्यावर लगेच दिवे लावायचे नाहीत, नावं सरकत असतात तेवढा वेळ बसून राहायचं. आणि रडू आलंच पाहिजे असा हट्ट धरायचा नाही. ही शेवटची सूचना मला सगळ्यांत उपयोगी पडली, कारण तोवर मला आपल्याला रडू येत नाही याचीच धास्ती बसली होती.

मी निवडलेल्या सिनेमात मृत्यूचा मोठा प्रसंग होता. तो मी कोरड्या डोळ्यांनी पाहिला. त्यानंतर अगदी साधं दृश्य आलं. एक बाई टेबलाशी बसून औषधांचा डबा रिकामा करतेय. सोमवार, मंगळवार अशा खणांतून गोळ्या काढून एकेक बाटलीत परत टाकतेय. संवाद नाही, संगीत नाही, फक्त गोळ्या बाटलीत पडल्याचा आवाज. मीही हेच केलं होतं. बाबांच्या उरलेल्या गोळ्या वेगळ्या केल्या होत्या, कोणत्या परत होतील ते पट्टीवरची मुदत बघून ठरवलं होतं, आणि त्या वेळी मला काहीच वाटलं नव्हतं. त्या बाईला बघून मात्र मनात आलं, अगं, किती एकटी बसली आहेस तू. आणि मग हुंदका फुटला तो आवरेना. नाक वाहतंय, श्वास अडकतोय, तोंडून निघणारा आवाज माझा मलाच ओळखू येईना.

पुढच्या भेटीत तुम्ही याचा उलगडा केलात. स्वतःसाठी रडायला आपण परवानगी देत नाही, दुसऱ्यासाठी सहज देतो. पडद्यावरचं दुःख आपल्या ओळखीचं असतं, पण त्याची जबाबदारी आपल्यावर नसते. कुणाला फोन करायचा नसतो, कुणाला सावरायचं नसतं. नाट्यशास्त्र लिहिणाऱ्या भरतमुनींनी करुण रसाचा स्थायिभाव, म्हणजे त्याच्या मुळाशी असलेली भावना, शोक सांगितला आणि अश्रूंना सात्त्विक भावांत, म्हणजे भावना शरीरावर आपोआप उमटते त्या खुणांत, जागा दिली. ॲरिस्टॉटलनेही शोकांतिकेतल्या करुणा आणि भीतीतून होणाऱ्या विरेचनाबद्दल, म्हणजे भावनांच्या निचऱ्याबद्दल, लिहिलं. एवढा जुना अनुभव आहे हा, हे कळल्यावर माझ्यात काही बिघडलंय ही भीती बरीच ओसरली.

भावना दाबून ठेवण्याबद्दलचा प्रयोग तर मी आता भेटेल त्याला सांगते. जेम्स ग्रॉस आणि रॉबर्ट लेव्हन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली तो प्रसिद्ध केला. लोकांना चित्रफिती दाखवल्या आणि त्यांतल्या काहींना सांगितलं, चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. दुःखी चित्रफीत बघताना त्यांनी चेहरा कोरा ठेवला, पण आतलं दुःख त्यामुळे कमी झालं नाही. उलट शरीरावरचा ताण वाढला. माझा आवळलेला जबडा मला तेव्हा समजला.

त्या रात्री रडून झाल्यावर मला हलकं वगैरे वाटलं नव्हतं. डोकं ठणकत होतं, वाईटच वाटत होतं. तुम्हाला ते सांगताना मी जरा बिचकले होते. त्यावर तुम्ही आस्मिर ग्राचानिन यांच्या २०१५ च्या अभ्यासाबद्दल सांगितलंत. दुःखी सिनेमा बघून रडलेल्यांची मनःस्थिती लगेच खालावली होती, साधारण वीस मिनिटांत ती पूर्ववत झाली, आणि दीड तासाने ती सिनेमाआधीपेक्षाही बरी होती. मोकळं वाटायला वेळ लागतो, हे मला आधी कुणी सांगितलंच नव्हतं.

ताई, नुसतं रडून भागलं नसतं, हेही मला लिहायचंय. तुम्ही विचारलंत, “त्या बाईशी बोलता आलं असतं तर काय म्हणाली असतीस?” मी म्हटलं, “ठेव तो डबा, उद्या कर, कुणाला तरी बोलाव.” तुम्ही काही बोलला नाहीत. मी मात्र त्यानंतर पहिल्यांदा तारखा सोडून बाबांबद्दल बोलले. ते कसे हसायचे, शेवटी माझ्यावर का चिडले होते, आणि त्या चिडण्याचा मला किती राग आला होता. सिनेमाने दार किलकिलं केलं असेल, पण आत पाऊल टाकताना तुम्ही सोबत होतात.

तुम्ही घालून दिलेली बंधनंही मी पाळते. छातीत धडधड वाढली, जुना प्रसंगच पुन्हा घडतोय असं वाटलं, तर बंद करायचं, उठायचं, पाय जमिनीवर टेकून आजूबाजूच्या वस्तू बघायच्या. ज्यांनी प्रत्यक्ष अत्याचार किंवा अपघात सोसलाय त्यांनी हे एकट्याने करू नये, असंही तुम्ही बजावलं होतंत. आणि राग मोकळा करायला मारधाडीचे सिनेमे बघत बसू नकोस, आदळआपट करून राग शमत नाही, बरेचदा भडकतोच, हेसुद्धा. हे वाचणाऱ्या प्रत्येकाने एवढं जरूर ध्यानात ठेवावं.

आता दादाबद्दल. तोही माझ्यासारखाच घट्ट. मागच्या महिन्यात आम्ही दोघांनी शेजारी बसून एक सिनेमा पाहिला, चक्क विनोदी. मध्येच त्याने थांबवायला सांगितलं आणि पडद्याकडे बघतच बाबांबद्दल बोलायला लागला. समोरासमोर बसलो असतो तर तो बोलला नसता, मला खात्री आहे. सिनेमा त्या रात्री अर्धाच राहिला. रडला नाही तो, मीही काही सुचवलं नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याने आपणहून तुमचा नंबर मागितला. मी दिलाय. त्याचा फोन आला तर थोडा वेळ काढाल ना? आधी तो झोपेचीच तक्रार सांगेल.

मनापासून आभार, ताई.

तुमची,
गोळ्यांच्या डब्यापाशी रडलेली