नुसतं "वा आजी" नको, चुका पण दाखवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रिटायर झाल्यावर परत ब्रश हातात घेणारी मंडळी आता सोसायटी सोसायटीत दिसतात, मी पण त्यातलीच एक, बँकेतली नोकरी संपली आणि मग कुठे रंग बाहेर काढले. आमचं कौतुक भरपूर होतं, त्याबद्दल तक्रार नाही, पण ते ज्या पद्धतीने होतं त्याबद्दल लिहायचंय. फॅमिली ग्रुपवर चित्र टाकलं की पटापट अंगठे येतात, "वा आजी, या वयात सुद्धा!" आणि विषय संपला. सावल्या दोन दिशांना पडल्यात, घराचं छप्पर भिंतीवर बसतच नाहीये, हे कोणी म्हणजे कोणीच सांगत नाही. नातवाचं चित्र असं असतं तर ड्रॉइंगच्या सरांनी त्याला परत काढायला लावलं असतं. आम्हाला कोणी लावत नाही कारण घरच्यांच्या लेखी आमचं चित्र म्हणजे "बरंय, वेळ छान जातो". मला हे मनापासून खटकतं.

आमच्या पिढीतल्या खूप जणांनी शाळेत असताना चित्रकलेची एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा दिलेली आहे. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, सगळं घासून करून घेतलेलं. समोर तांब्या-पातेलं मांडून सर सांगायचे की वरून बघतोय ना, मग तोंडाचा लंबगोल चपटा येईल आणि बुडाची कड जास्त गोल येईल, डोळ्याने बघ, मनाने काढू नको. मग दहावी झाली, पुढे कॉमर्स, नोकरी, लग्न, मुलं आणि रंगपेटी माळ्यावर गेली ती गेलीच. आता परत बसल्यावर कळतं की हात अजून वळतो पण बघायची सवय गेलीये, आणि ती काही यूट्यूबवरचा सूर्यास्त आणि दोन नारळाची झाडं बघून बघून काढल्याने परत येत नाही. समोर खरं पातेलं ठेवावं लागतं आणि शेजारी चूक दाखवणारं माणूस लागतं.

उशिरा सुरुवात म्हटलं की रवींद्रनाथ टागोरांचं नाव निघतंच, साठी ओलांडल्यावर ते चित्रांकडे खऱ्या अर्थाने वळले आणि 1930 मध्ये पॅरिसला त्यांचं पहिलं प्रदर्शन झालं. पण मला जास्त जवळच्या वाटतात त्या मध्य प्रदेशातल्या उमरिया जिल्ह्यातल्या जोधइयाबाई बैगा. आयुष्यभर मजुरी केलेली बाई, सत्तरीच्या आसपास पहिल्यांदा रंग हातात घेतला आणि 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. ही बातमी सगळ्यांनी "बघा या वयात" म्हणून वाचली. त्यातली खरी गोष्ट मात्र बाजूलाच राहिली, की त्यांच्या लोढा गावात आशिष स्वामी नावाचे चित्रकार शिकवत होते, बसायला जागा होती, रंग होते, आणि म्हातारी बाई आली म्हणून तिला कोणी परत पाठवलं नाही.

वयाच्या अडचणी असतात, खोटं कशाला बोलू. घाटावर जाऊन स्केचिंग करायचं तर मांडी घालून बसता येत नाही, स्टूल लागतं. मोतीबिंदू असला की सगळं पिवळट, तपकिरी दिसायला लागतं आणि निळा रंग कळेनासा होतो, क्लोद मोनेसारख्या फ्रेंच चित्रकाराला याचा प्रचंड त्रास झाला होता आणि 1923 ला ऑपरेशन झाल्यावर तो परत वॉटर लिलीच्या त्या मोठ्या चित्रांवर काम करत राहिला. हात थोडा थरथरत असेल तर मोठा कागद आणि जाड ब्रश घ्यावा, मनगटाऐवजी खांद्यातून रेघ ओढावी, हे सुद्धा कोणीतरी शिकवावंच लागतं ना. आणि मुलांनो, आईबाबांना वाढदिवसाला चोवीस रंगांची शाळेची पेटी देऊ नका, त्यापेक्षा चांगले चार-पाच रंग आणि 300 जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कागद द्या, पातळ कागदाला पाणी लागलं की तो फुगतो, रंग खड्ड्यात जाऊन बसतो आणि नवीन माणसाला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये.

तर मागणी साधी आहे. महापालिकेच्या शाळा संध्याकाळी आणि रविवारी बंदच असतात. त्यातला एकेक वर्ग आठवड्यातून दोन वेळा ज्येष्ठांना उघडून द्यावा, शक्यतो तळमजल्यावरचा, आणि रिटायर झालेल्या कलाशिक्षकांना मानधन देऊन तिथे बोलवावं, फुकट नको, त्यांनी आयुष्यभर मुलं घडवलीत. आम्ही पण थोडी फी आनंदाने देऊ. वॉर्डात विरंगुळा केंद्र आहे असं कोणी म्हणेल, आहे की, पण तिथे पत्ते आणि गप्पा चालतात, त्यात ओला कागद कुठे ठेवायचा?

आणि तुमच्या पेपरला सुद्धा एक सुचवते. रविवारच्या पुरवणीत दर आठवड्याला एका हौशी ज्येष्ठाचं एक चित्र छापा आणि खाली एखाद्या कलाशिक्षकाच्या पाच-सहा ओळी, काय जमलंय आणि काय चुकलंय, स्पष्ट. माझं चित्र पाठवायला मी तयार आहे. फक्त चित्राखाली वय छापू नका.

आपली,
एक वाचक, पुणे