रुंबा स्पॅनिश नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत क्युबातल्या ‘टिंबलाये’ या रुंबा महोत्सवाचा फोटो पाहून फार आनंद झाला. पण त्याखाली ‘स्पॅनिश नृत्यप्रकार रुंबा’ असं छापलेलं वाचलं आणि पत्र लिहायला बसलो. रुंबाचे बोल बहुतेक स्पॅनिश आहेत, काव्याची घडणही काही प्रमाणात स्पेनकडून आलेली आहे. पण रुंबा घडवला तो क्युबातल्या आफ्रिकी वंशाच्या कष्टकऱ्यांनी, आणि त्यांचं नाव तुमच्या ओळीत कुठेच नाही.

मी ३२ वर्षं व्यापारी जहाजांवर खलाशी होतो. १९८७ साली आमचं जहाज क्युबाच्या मातान्झास बंदरात साखर भरायला लागलं होतं. रविवारी धक्क्यावरचा एक हमाल आम्हा दोघा-तिघांना आपल्या वस्तीत घेऊन गेला. आपल्या चाळीसारखीच जागा, मधे अंगण, चहूबाजूंनी खोल्या. एक म्हातारा लाकडी खोक्यावर बसला आणि पुढच्या फळीवर हातांनी वाजवू लागला. दुसरा त्याच खोक्याच्या बाजूवर दोन चमचे आपटत होता. मी बारकाईने पाहिलं, खोकं चक्क मालाच्या पेटीसारखं. पूर्वी अशी खोकी खारवलेल्या कॉड माशाची असत. मेणबत्त्यांच्या पेट्या लहान आणि पातळ फळीच्या, त्यांचा आवाज चढा. ढोल वाजवायला पोलीस पुन्हा पुन्हा मनाई करत आणि गोदीत खोक्यांना तोटा नव्हता. त्या आवाजात मला आमच्या धक्क्याचा आवाज ऐकू आला.

सगळा ताल दोन लाकडी दांडक्यांवर उभा असतो. त्यांना क्लेव्ह म्हणतात. जहाजबांधणीतल्या लाकडी खुंट्यांपासून ती आली, असं तिथे सांगतात. ठोके पाच, तीन आणि दोन असे. रुंबात त्यातला तिसरा ठोका किंचित मागे ओढलेला असतो. तेवढ्या ओढीने पायाला जी खेच बसते, ती ऐकूनच कळते. गाणारा आधी शब्द न घेता आलापासारखा स्वर लावतो, मग गाणं, मग सगळ्यांनी मिळून म्हणायचं ध्रुवपद, आणि तेव्हा नाच सुरू होतो. ग्वाग्वांको या प्रकारात पुरुष हाताने, पायाने किंवा रुमालाने अचानक पुढे झेप घेतो आणि बाई झटकन घागऱ्याने तो वार चुकवते. यांबू संथ, वयस्कांचा. त्यात हा वार नसतो. कोलंबिया प्रकारात मात्र पारंपरिकरीत्या पुरुष एकटाच नाचतो आणि किंतो नावाचा चढ्या आवाजाचा ढोल त्याच्या पावलांना जबाब देतो. आपल्या लावणीत ढोलकी नाचणारीच्या पायाकडे नजर ठेवून असते ना, तसंच.

क्युबात आणलेले आफ्रिकी लोक सुमारे ८ लाख होते, बहुसंख्य १९व्या शतकात, उसाच्या मळ्यांसाठी. गुलामगिरी संपली १८८६ साली. मळ्यांवरून सुटलेली माणसं हवाना आणि मातान्झासच्या बंदरांत हमाली करायला आली. त्यांच्यात काँगोकडचे, पश्चिम आफ्रिकेतले योरुबा आणि आजच्या नायजेरिया-कॅमेरून सीमेवरच्या भागातले, असे सगळेच होते. त्या शेवटच्या लोकांच्या अबाकुआ या बंधुसंघाचा गोदीच्या कामावर मोठा ताबा असे. या सगळ्यांच्या ढोलांतून, पावलांतून, बोलांतून रुंबा झाला. मातान्झासचा ‘लोस मुन्येकितोस’ हा संच १९५२पासून तो गात आला आहे. १९३०च्या दशकात अमेरिकेत बॉलरूममध्ये ‘रुंबा’ म्हणून जे विकलं गेलं, ते मुळात ‘सोन’ या दुसऱ्याच क्युबन संगीताचं सौम्य रूप होतं. तुमच्या वार्ताहराचा गोंधळ तिथूनच झाला असावा. युनेस्कोने २०१६ साली क्युबाच्या रुंबाला मानवतेच्या अमूर्त वारशात स्थान दिलं. २०२१ साली काँगोच्या रुंबालाही. क्युबाच्या तबकड्या १९३०च्या दशकात काँगोत पोचल्या आणि तिथल्या वादकांना त्यात आपलंच काही सापडलं.

मराठी वाचकाला हे परकं वाटू नये. मुरुड-जंजिऱ्याचे सिद्दी याच आफ्रिका खंडातून आलेले. गुजरातेतल्या रतनपूरचे सिद्दी आपल्या नाचगाण्याला ‘गोमा’ म्हणतात. आफ्रिकेतल्या कित्येक भाषांत ‘न्गोमा’ म्हणजे ढोल, आणि क्युबात काँगोवंशीयांच्या ढोलालाही तोच शब्द आहे. एक शब्द दोन समुद्र ओलांडून गेला.

तेव्हा कृपा करून दुरुस्ती छापा. पुढच्या वेळी महोत्सवाचा फोटो छापलात तर रंगीत घागऱ्यांसोबत त्या खोक्यावर बसलेल्या माणसाचाही छापा.

आपला,
एक निवृत्त खलाशी, रत्नागिरी