बोगमाळोच्या संग्रहालयात भेटलेल्या काकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही नाव सांगितलं नाहीत. "नेव्हीत टेक्निकलला होतो, एवढं पुरे," म्हणालात आणि नातवाचा हात धरून निघून गेलात. म्हणून हे पत्र असं सगळ्यांसमोर लिहिते आहे. कुणीतरी तुमच्यापर्यंत पोचवेल अशी खात्री आहे.

वेंगुर्ले तालुक्यातल्या आमच्या शाळेची आठवीची मुलं घेऊन आम्ही गोव्याला सहलीला आलो होतो. दाबोळी विमानतळाजवळचं नौदलाचं हे संग्रहालय १९९८ पासून आहे, पण आमच्या कार्यक्रमात त्याला जेमतेम अर्धा तास दिला होता. मुलं फलक वाचत, फोटो काढत पुढे सरकत होती. सी हॉक या लढाऊ विमानापाशी आमची एक मुलगी थबकली. पंखावरचा सांधा बघून तिने विचारलं, "बाई, पंख मोडलेलो तो परत जोडलो काय?" मी काही बोलायच्या आत मागून तुमचा आवाज आला, "मोडूक नाय गो चेडवा, हय तो दुमडता."

मालवणी ऐकली आणि मुलं तुमच्याभोवती गोळा झाली.

मग तुम्ही सांगत गेलात. विक्रांत या विमानवाहू जहाजाच्या डेकवर जागा किती अपुरी, म्हणून पंख दुमडायचे. उतरताना शेपटीखालचा हूक डेकवर आडव्या ताणलेल्या तारेत अडकला पाहिजे. आणि टेकताना वैमानिक इंजिन बंद करत नाही, उलट जोर वाढवतो, कारण हूक चुकला तर तसंच पुन्हा उडता आलं पाहिजे. हे ऐकून मुलांचे डोळे विस्फारले होते. ४ डिसेंबर १९७१ ला याच जातीची विमानं विक्रांतवरून उडाली आणि त्यांनी कॉक्स बझार, चितगाववर हल्ले चढवले, हे मी वर्गात शिकवलेलं आहे. पण तेव्हा विक्रांतच्या एका बॉयलरला तडा गेलेला होता, जहाजाला पूर्ण वेग घेता येत नव्हता आणि त्यामुळे विमान उडवणं आणखी अवघड झालं होतं, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा धडा एकदम जिवंत झाला.

आलिझेजवळ आमच्या रापणकरांच्या आणि ट्रॉलरवाल्यांच्या मुलांना कंठ फुटला. हे विमान पाणबुड्या शोधायचं, समुद्रात आवाज टिपणारे बॉय, म्हणजे पाण्यावर तरंगणारी यंत्रं, टाकायचं, असं तुम्ही म्हणालात. लगेच एकाने विचारलं, म्हणजे आमच्या बोटीवरच्या फिश फाइंडरसारखं का? तुम्ही किती खूश झालात! फिश फाइंडर हाक मारून प्रतिध्वनीची वाट बघतो, हा बॉय मात्र गप्प राहून नुसता ऐकत असतो, असं तुम्ही त्याला समजावलंत. तो मुलगा वर्गात सहसा तोंड उघडत नाही, काका. परतीच्या वाटेवर बसमध्ये तो सगळ्यांना सोनार, म्हणजे आवाजावरून पाण्याखालचं शोधायचं तंत्र, समजावत होता.

सुपर कॉन्स्टेलेशनच्या तीन शेपट्या, कामोव्ह हेलिकॉप्टरचे उलटसुलट फिरणारे दोन पंखे, सी हॅरियर विमानाची झोत सोडणारी, खाली वळणारी चार तोंडं, सगळं मुलांना आवडलं. पण मला सर्वांत मोलाचं वाटलं ते तुमचं स्वतःचं काम. समुद्रावरून आलेलं विमान गोड्या पाण्याने धुवायचं, कारण खारं पाणी धातूला सोडत नाही. अॅल्युमिनियमला तांबडा गंज येत नाही, पांढरी पूड धरते, आणि पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटच्या कडेला रंगाचा बारीकसा फुगवटा दिसला की समजायचं, आत काम सुरू झालंय. हे सांगताना तुमचं बोट हवेतच रिव्हेटच्या रांगेवरून सरकत होतं. काम संपलं की पेटीतली हत्यारं मोजायची, एक पाना जरी कमी भरला तरी तो सापडेपर्यंत विमान उडत नाही. सकाळी रांगेने चालत धावपट्टीवरचे खडे वेचायचे, कारण एवढासा खडा इंजिनात गेला तरी पाती तुटतात.

फलकांवर विमानांची नावं असतात, स्क्वाड्रनची असतात, शौर्यपदकं मिळवणाऱ्या वैमानिकांचीही असतात. ती असायलाच हवीत. पण पाने मोजणाऱ्या माणसांबद्दल मुलांना कोण सांगणार? आमच्या कोकणातल्या कितीतरी घरांतून माणसं नौदलात गेली ती याच कामांना. त्यांची नातवंडं माझ्या वर्गात बसतात आणि आजोबा 'नेव्हीत होते' यापलीकडे त्यांना काही ठाऊक नसतं. सहलीनंतर मी मुलांना घरी विचारून यायला सांगितलं. एकीचे आजोबा विक्रांतच्या बॉयलर रूममध्ये होते, हे तिला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. ती तीन पानं लिहून घेऊन आली.

तुम्ही स्वतःच्या सुट्टीतला वेळ दिलात, उन्हात उभे राहिलात, एकाही प्रश्नाला हसला नाहीत. चहा घ्यायलाही थांबला नाहीत. मनापासून आभार, काका.

आणि एक विनंती आहे. एकदा आमच्या शाळेत या. त्या मुलीच्या आजोबांनाही बोलावते आहे, त्यांनी 'येतो' म्हटलंय. पणजीहून एसटीने शिरोड्याला उतरा, पुढे तुम्हाला घ्यायला आम्ही येऊ. नातवालाही घेऊन या.

आपली नम्र,
आठवीची वर्गशिक्षिका, वेंगुर्ले तालुका