ओळख कशी काढावी, हेही शिकवा

महोदय,

पदविकेचे आणि पदवीचे निकाल लागले की माझ्या मोबाइलवर एकाच साच्यातले संदेश येऊ लागतात. ‘आदरणीय सर, मी मेकॅनिकल डिप्लोमा फर्स्ट क्लास आहे. कुठेही नोकरी असल्यास कळवावे. बायोडेटा सोबत जोडला आहे.’ पाठवणारा कोण, माझा नंबर त्याला कोणाकडून मिळाला, त्याला नेमके काय येते, यातले काहीच त्यात नसते. चिंचवडच्या एका कारखान्याच्या टूल रूममध्ये, म्हणजे उत्पादनासाठी लागणारे साचे आणि हत्यारे बनवणाऱ्या विभागात, उमेदीची सगळी वर्षे काढून मी निवृत्त झालो आहे आणि आज माझ्या हातात एकही जागा नाही. तरीही मला या मुलांचा राग येत नाही, कारण व्यवसायातल्या ओळखी कशा करायच्या आणि कशा राखायच्या, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते. महाविद्यालयातला प्लेसमेंट विभाग बायोडेटाची मांडणी शिकवतो, मुलाखतीला कोणते बूट घालावेत हेही शिकवतो. पण अनोळखी माणसाशी पहिले वाक्य काय बोलावे, याचा तास मी कुठल्याही वेळापत्रकात पाहिलेला नाही.

यामागे एक संकोच आहे. आपल्या घरांत ‘ओळख’ म्हटले की ऐकणाऱ्याला ‘वशिला’ ऐकू येतो आणि स्वाभिमानी आईबाप मुलाला ‘कोणाच्या दारात जाऊ नकोस’ असे बजावतात. वशिल्याने लायकी नसलेल्याला खुर्ची मिळते. ओळखीने फार तर जागा रिकामी असल्याची बातमी वेळेवर कळते आणि शेकडो अर्जांच्या गठ्ठ्यातला आपला अर्ज कोणीतरी उघडून वाचतो. पुढची मुलाखत आपली आपणच द्यायची असते. ज्या घरात काका एका कंपनीत आणि मामा दुसऱ्या कंपनीत आहेत, तिथल्या मुलाला वेगळे नेटवर्किंग करावे लागत नाही. ते रविवारी आपणहून घरी चहाला येते. संकोचाची किंमत मोजतो तो घरातला पहिला पदविकाधारक.

खरे तर ओळखीने काम मिळवणे आपल्याला नवे नाही. रत्नागिरीहून, साताऱ्याहून मुंबईला आलेला माणूस आधी गाववाल्यांच्या खोलीवर उतरे, खाणावळीत जेवे आणि गावच्याच कोणाच्या शब्दावर गिरणीत जॉबरपुढे, म्हणजे कामगार भरती करणाऱ्या मुकादमापुढे, उभा राही. त्या व्यवस्थेने हजारो कुटुंबे जगवली, हे खरे. पण जॉबरचा हात ओला करावा लागे आणि जातीची दारे बंदच राहत, हेही तितकेच खरे. जास्त मजुरी मिळणाऱ्या साचेखात्यात, म्हणजे विणकाम विभागात, दलित कामगारांना घेत नसत, कारण मागावरच्या धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि सवर्णांना तो विटाळ वाटे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी हा प्रश्न उघडपणे मांडला होता. ओळखी केवळ नात्यागोत्याच्या आणि जातीच्या राहिल्या की काय होते, हे त्यावरून दिसते. म्हणूनच त्या कुंपणाबाहेर ओळख करण्याची रीत प्रत्येक विद्यार्थ्याला शिकवली जावी, असे मला वाटते.

अशा बाहेरच्या, पातळ ओळखीच अधिक उपयोगी पडतात, याला अभ्यासाचाही आधार आहे. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने बोस्टनजवळच्या न्यूटन गावात नुकतीच नोकरी बदललेल्या लोकांना विचारले, की ज्याच्याकडून नोकरीची खबर मिळाली तो माणूस तुम्हाला कितीदा भेटत असे? १९७३ साली त्याने प्रसिद्ध केलेल्या आकड्यांनुसार, ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी जेमतेम १७ टक्के लोकांना ती वारंवार भेटणाऱ्याकडून मिळाली होती. सुमारे ५६ टक्क्यांना अधूनमधून भेटणाऱ्याकडून आणि सुमारे २८ टक्क्यांना क्वचितच भेटणाऱ्याकडून. कारण साधे आहे. जिवलग मित्राला तेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक असते. वर्षातून एकदा भेटणारा मात्र वेगळ्या वर्तुळात वावरतो. पुढे लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवर झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगातही हेच दिसले. फक्त अगदीच तोंडओळखीपेक्षा थोडी बरी, मधली ओळख सर्वांत फळते, एवढी दुरुस्ती त्यातून झाली.

मला आलेला एक संदेश मात्र वेगळा होता, तो येथे सांगतो. पदविकेच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुलाने लिहिले होते, की त्याने प्रकल्पासाठी ड्रिल जिग, म्हणजे भोके नेमक्या जागी पाडण्याचे साधन, बनवले; पण त्यातला बुश, म्हणजे ड्रिलला वाट दाखवणारी नळी, झिजला की त्याला अख्खी प्लेट नव्याने करावी लागते, तर कारखान्यात यावर काय करतात? माझा नंबर त्याला आमच्याच एका जुन्या फिटरकडून मिळाला होता आणि तेही त्याने पहिल्याच ओळीत लिहिले होते. नोकरीचा शब्दही नव्हता. मी त्याला फोन करून प्लेटमध्ये कायमचा बसवायचा लायनर बुश आणि त्यात बसणारा बदलता बुश समजावून सांगितला आणि वीस मिनिटे कधी गेली ते कळले नाही. मग मीच त्याला भोसरीतल्या एका लहान टूल रूमच्या मालकाकडे पाठवले. हा मालक म्हणजे माझा जुना व्हेंडर, आमच्या कारखान्याला माल पुरवणारा. आमची भेट वर्षातून दोनदा, तीही कोणाच्या लग्नात. या पट्ट्यात कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, म्हणून बुधवारी संध्याकाळी, हात जरा मोकळे असताना जा, एवढेच मी सुचवले. त्या मालकाकडेही जागा नव्हती. पण जिगचे फोटो आणि मुलाचे प्रश्न पाहून त्याने त्याला पलीकडच्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे (पोलाद तापवून कडक करून देणाऱ्याकडे) नेले आणि तिथे एका कंपनीत अप्रेंटिस हवा असल्याचे समजले. मुलगा त्या कंपनीत लागला. दुसऱ्या दिवशी त्याने मला, त्या मालकाला आणि मूळ फिटरला, तिघांनाही स्वतंत्र फोन केले. हे फोन मला फार महत्त्वाचे वाटतात, कारण मधल्या माणसाने आपली पत पणाला लावलेली असते आणि पुढे काय झाले हे त्याला बहुधा कळतच नाही. अनेक मुले काम झाले की गप्प होतात आणि काम नाही झाले तर अधिकच गप्प होतात. पुढच्या वेळी त्या माणसाचा हात फोनकडे जात नाही, तो यामुळेच.

शिकवण्यासारखे आहे ते एवढेच. नोकरी मागितली की समोरच्याला ‘नाही’ म्हणणे भाग पडते. त्याच्या कामाविषयी नेमका प्रश्न विचारला की त्याला बोलावेसे वाटते. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये औद्योगिक प्रदर्शने भरतात, तिथे विद्यार्थी पहिल्या दिवशी घोळक्याने येतात आणि पिशव्या व माहितीपत्रके गोळा करून परततात. शेवटच्या दिवशी दुपारी जावे. स्टॉलवरचा इंजिनिअर कंटाळलेला असतो आणि यंत्राविषयी कोणी मनापासून विचारले तर तो खुर्ची पुढे करतो. लिंक्डइनवर पाचशे अनोळखी माणसे जोडण्यापेक्षा आपल्याच महाविद्यालयातून तीन-चार वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या पाच जणांना दोन-दोन ओळी लिहिणे कधीही बरे. मात्र कोणी ओळखीच्या नावाखाली नोंदणी शुल्क किंवा अनामत मागितली तर संभाषण तिथेच थांबवावे. मुलींना अनोळखी पुरुषाला संदेश पाठवताना वाटणारी धास्ती अनाठायी नाही, हेही महाविद्यालयांनी ध्यानात घ्यावे. अशा ओळखी शिक्षकांच्या माध्यमातून, कार्यालयीन ई-मेलवर आणि कामाच्या ठिकाणीच व्हाव्यात.

माझी विनंती तंत्रनिकेतने आणि महाविद्यालयांच्या प्राचार्यांना आहे. माजी विद्यार्थ्यांची यादी स्नेहमेळाव्याच्या वर्गणीपुरती बाहेर काढू नये. ज्यांची संमती असेल त्यांची नावे दुसऱ्या वर्षापासूनच विद्यार्थ्यांना द्यावीत आणि प्रत्येकाने एका माजी विद्यार्थ्याशी त्याच्या कामाविषयी बोलून दोन पानांचा अहवाल लिहावा, त्याला गुण असावेत. अहवालाच्या शेवटी आभाराच्या पत्राची प्रत जोडणे सक्तीचे करावे. आमच्या भागात माझ्यासारखे बरेच निवृत्त लोक सकाळी बागेत फेऱ्या मारून झाल्यावर मोकळेच असतात आणि एखाद्या महाविद्यालयाने बोलावले तर स्वखर्चाने जाण्याची त्यांची तयारी आहे. आजवर कोणी बोलावले नाही, एवढेच.

आपला,
एक निवृत्त टूल रूम अभियंता, चिंचवड