ठाण्याहून येणाऱ्या जांभळ्या टोपणांसाठी

ताई, सप्रेम नमस्कार.

कॅन्सरच्या तपासणीच्या रिपोर्टवर सह्या आमच्या, म्हणजे लॅबवाल्यांच्या असतात, नमुना घेणाऱ्या, सुई धरणाऱ्या हाताचं नाव कुठेच नसतं. म्हणून हे पत्र जाहीर लिहितोय.

पनवेल लोकलने खारघरला येणाऱ्या तुमच्या नमुन्यांच्या डब्यात मॅरोची, म्हणजे हाडातल्या मज्जेची, जांभळ्या टोपणाची ट्यूब असते आणि लेबलवर बॉलपेनने लिहिलेलं असतं: 'पहिली ओढ, २ मिली. स्टेरॉइड सुरू नाही.' एवढ्या एका ओळीने आमचं निम्मं काम सोपं होतं.

बी आणि टी या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी. त्यातली प्रत्येक पेशी जीनचे तुकडे जोडून आपला रिसेप्टर (जंतू ओळखणारा भाग) घडवते. अँटिबॉडींमधल्या या जोडाजोडीच्या शोधासाठीच शास्त्रज्ञ सुसुमु तोनेगावांना १९८७चं नोबेल मिळालं. निरोगी रक्तात अशा जोडणीचे लाखो वेगवेगळे नमुने सापडतात. लिंफोमा किंवा लिंफोब्लास्टिक ल्युकेमिया या पांढऱ्या पेशींच्या कॅन्सरांत मात्र एकाच पेशीची पिलावळ माजते, त्यामुळे एकच नमुना पुन्हा पुन्हा दिसतो. तो उपचारांआधी टिपून ठेवला, तर पुढे सिक्वेन्सिंगने (डीएनएची अक्षरं वाचून) दहा लाखांत एक उरलेली पेशीही हुडकता येते. स्टेरॉइड आधीच सुरू झालं की त्या पेशी भराभर मरतात, मग खूण कशाची घ्यायची?

पहिल्या ओढीचंही तसंच. त्याच जागेवरून दुसऱ्यांदा-तिसऱ्यांदा ओढलं की मॅरोत रक्त मिसळतं आणि आजार आहे त्यापेक्षा कमी दिसतो. शिवाय एका पेशीत डीएनए जेमतेम ६.६ पिकोग्रॅम. दहा लाख पेशी तपासायच्या तर साडेसहा मायक्रोग्रॅमहून जास्त हवा. पाणचट मॅरोतून तेवढा निघत नाही.

हिरव्या टोपणातलं हेपरिन (रक्त गोठू न देणारं औषध) पीसीआर, म्हणजे डीएनएच्या प्रती काढणं, अडवतं. कॅरिओटाइपला (गुणसूत्रांच्या तपासणीला) मात्र हिरवीच ट्यूब लागते, आणि तुम्ही न सांगता दोन्ही भरता! बर्फाचा पाऊच आणि ट्यूब यांच्यामध्ये वर्तमानपत्राची घडी असते. बर्फ थेट लागला तर पेशी फुटतात.

गाठीच्या तुकड्याबद्दल तर विशेष आभार. तुम्ही सर्जनच्या मागे लागून अर्धा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवणाऱ्या रसायनात) बुडण्याआधी आरपीएमआयमध्ये (पेशी जिवंत ठेवणाऱ्या द्रावणात) टाकून घेता. शनिवारी फॉर्मॅलिनमध्ये पडलेला तुकडा मंगळवारी उघडला की डीएनएचे बारीक तुकडे झालेले असतात. मग पीसीआरमध्ये आयजीएच या अँटिबॉडीच्या जीनवरच्या एफआर-१ प्रायमरचा (प्रत जिथून सुरू होते त्या खुणेचा) ३१० ते ३६० बेसचा, म्हणजे डीएनएच्या तेवढ्या अक्षरांचा, लांब पट्टा उमटतच नाही, एफआर-३चा १०० ते १७०चा आखूड तेवढा येतो. त्यात बी पेशीही मोजक्याच असल्या, तर नसलेला क्लोन (एकाच पेशीची पिलावळ) असल्यासारखा दिसतो. म्हणून आम्ही प्रत्येक नमुना दोनदा चालवतो. दोन्ही वेळा आलेखात त्याच लांबीवर टोक आलं तरच क्लोन मानतो. तुमच्या तुकड्यांना ही कसरत फारशी लागत नाही.

पावसाळ्यात लोकल अडकली तर जिवाचा आटापिटा करू नका. ट्यूब उभी, सावलीत ठेवा, फ्रीझरमध्ये नको. फ्लो सायटोमेट्रीसाठी (एकेक पेशी ओळखून मोजण्याच्या तपासणीसाठी) २४ तासांत आली तर उत्तम, ४८ तासांपर्यंत आम्ही सांभाळून घेऊ. फक्त काढल्याची वेळ लिहा.

आपले,
फ्लो आणि मॉलिक्युलरच्या टेबलावरचे सगळे, खारघर