नगरविकास मंत्र्यांना खुलं पत्र : २०११ च्या आकड्यावर आमची गावं अजून किती वर्षं चालवणार?

मा. नगरविकास मंत्री साहेब,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त शिक्षिका आहे, पुणे जिल्ह्यातल्या एका नगरपरिषदेच्या हद्दीत राहते. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. लिहिलं की तिथल्या मुख्याधिकाऱ्यांकडून खुलासा मागवतील, खुलासा येईल आणि विषय संपेल. पण हा विषय एका गावाचा नाहीच, राज्यातल्या निम्म्याहून जास्त नगरपरिषदांचा असेल. विषय लोकसंख्येचा आहे, म्हणजे सरकारच्या कागदावर आम्ही किती आहोत आणि खरे किती आहोत याचा.

२०११ च्या जनगणनेला मी प्रगणक होते. मे २०१० च्या उन्हात घरयादी केली, गेरूने दारांवर नंबर टाकले, मग फेब्रुवारी २०११ मध्ये माणसं मोजली आणि २८ फेब्रुवारीच्या रात्री एसटी स्टँडवर झोपलेले बेघर लोकसुद्धा मोजले, कारण १ मार्च २०११ ही संदर्भ तारीख होती. त्या कामाचा मला आजही अभिमान आहे. पण साहेब, तोच आकडा अजून चालू आहे हो! तेव्हा माझ्या वर्गात पाचवीत असलेली मुलं आज लग्न होऊन स्वतःची पोरं अंगणवाडीत घालतायत, आणि गावाला पाणी किती, सफाई कामगार किती, निधी किती हे सगळं त्या पोरांचे आईवडील शाळेत होते तेव्हाच्या मोजणीवर ठरतंय. २०२१ ची जनगणना कोविडमुळे झाली नाही ते समजू शकतो, पण त्यानंतर वर्षांमागून वर्षं गेली.

आता थोडे आकडे, म्हणजे मी उगाच बोलत नाहीये हे कळेल. आळंदी २००१ ला १७,५६१ होती, २०११ ला २८,६४५ झाली. दहा वर्षांत एवढी. त्यानंतर तिथे आणि आसपास किती इमारती उभ्या राहिल्या ते तुम्ही गाडीतून जाताना बघितलंच असेल. ठाणे जिल्ह्यातलं कुळगाव-बदलापूर २००१ ला साधारण ९८ हजार, २०११ ला १,७४,२२६. सकाळी सातच्या लोकलला बदलापूर स्टेशनवर उभं राहून बघावं आणि मग सांगावं की हे गाव पावणेदोन लाखांचं आहे का. तळेगाव दाभाडे २०११ ला ५६,४३५, लोणावळा ५७,६९८, आणि लोणावळ्याला पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी जी गर्दी येते ती तर कुठल्याच जनगणनेत येणार नाही, तिचा कचरा मात्र नगरपरिषदेनेच उचलायचा. माथेरान ४,३९३ आणि पन्हाळा ३,१२१, यांची गत तशीच. पंढरपूर ९८,९२३. नगरपरिषदेच्या कायद्यात 'अ' वर्गाची रेघ एक लाखावर आहे, 'ब' ची ४० हजारावर, त्याखाली 'क'. म्हणजे विठ्ठलाच्या गावाची २०११ ची गणना लाखाला हजारभर माणसं कमी पडलेली, आणि आषाढीला तिथे किती लाख लोक येतात ते तुम्हाला मी काय सांगणार.

वर्ग हा नुसता कागदावरचा शिक्का असता तर मी पत्र लिहिलं नसतं. वर्गावर आकृतीबंध ठरतो, म्हणजे कुठली आणि किती पदं मंजूर ते, आणि आकृतीबंधावर कामाची माणसं. 'क' वर्गाचा आकृतीबंध घेऊन 'ब' वर्गाएवढं गाव चालवायचं म्हणजे पाचवीच्या मापाचा गणवेश दहावीच्या पोराला घालण्यासारखं आहे. अभियंता एक, तोच पाण्याचं बघणार, तोच रस्ते, तोच बांधकाम परवानगी. आरोग्य निरीक्षक एक. बाकी सगळं कंत्राटी. निधीचंही तसंच, १५ व्या वित्त आयोगाने स्थानिक संस्थांचा पैसा राज्याराज्यांत वाटताना ९० टक्के वजन लोकसंख्येला आणि १० टक्के क्षेत्रफळाला दिलं, आणि लोकसंख्या कुठली तर २०११ ची. जी गावं थांबली त्यांचं ठीक आहे, जी वाढली त्यांच्या वाटणीत माणशी पैसा दरवर्षी कमी होत गेला, कुणी काही न करता.

पाण्याचं साधं गणित मांडते. शहरात माणशी १३५ लिटर हा मापदंड धरतात. समजा ५० हजार लोकसंख्येच्या हिशोबाने योजना केली तर रोजचं ६७.५ लाख लिटर पाणी. प्रत्यक्षात तिथे ९० हजार माणसं राहत असतील तर माणशी ७५ लिटर झालं, तेही गळती धरली नाही तर. मग एक दिवसाआड पाणी, मग दोन दिवसाआड, मग टँकर, आणि लोक शिव्या घालतात नगरसेवकाला. कालपरवा निवडून आलेलं पोरगं ते, त्याच्या हातात काय आहे? आमच्या गावात तर मतदार यादीच २०११ च्या एकूण लोकसंख्येच्या जवळ जाऊन पोचलीय. यादीत अठराच्या आतली मुलं नसतात, आणि बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेले, मराठवाड्यातून आलेले बहुतेक कामगार पण नसतात कारण त्यांची नावं त्यांच्या गावी आहेत. हे धरून तुम्हीच अंदाज करा.

डिसेंबर २०२५ मध्ये २४६ नगरपरिषदा आणि ४२ नगरपंचायतींच्या निवडणुका झाल्या, त्याआधी कित्येक ठिकाणी तीन-चार वर्षं प्रशासकच होता, त्यामुळे निवडणूक झाली याचा आनंदच आहे. पण प्रभाग रचना, अनुसूचित जातीजमातींच्या जागा, सगळं परत २०११ वर. जुन्या गावठाणातला प्रभाग आणि नव्या वस्तीतला प्रभाग कागदावर सारखे, आणि खरं बघायला गेलं तर एकाच्या दुप्पट दुसरा.

सरकारला मनात आणलं तर जुन्या आकड्यापलीकडे बघता येतं हेही आम्ही बघितलंय. इचलकरंजी २०११ ला २,८७,३५३, जालना २,८५,५७७, दोन्ही महानगरपालिकेच्या तीन लाखांच्या रेघेच्या आत, तरी २०२२ आणि २०२३ मध्ये दोन्ही महानगरपालिका झाल्या. मुंबईत जनगणना नाही म्हणून वाढ गृहीत धरून नगरसेवक २२७ चे २३६ केले होते, पुढच्या सरकारने परत २२७ केले. म्हणजे अंदाजाने वाढ धरणं हे अशक्य नाही. मग पाणी आणि सफाईसाठी का नाही धरत? शाळेतला पट आहे, वीज कनेक्शनं आहेत, गॅस आहेत, रेशनचे पोर्टेबिलिटीवर, म्हणजे दुसऱ्या गावच्या कार्डावर इथे घेतलेल्या धान्याचे व्यवहार आहेत, हे सगळे आकडे सरकारकडेच आहेत. जनगणनेचा आकडा येईपर्यंत निदान आकृतीबंध आणि पाणी योजनांसाठी प्रत्येक जिल्ह्यातल्या नगरपरिषदांची अंदाजित लोकसंख्या जाहीर करा. पहिली विनंती ही.

दुसरी विनंती जास्त महत्त्वाची आहे आणि तिला मुदत आहे. आता जनगणना होतेय, संदर्भ तारीख १ मार्च २०२७, घरयादी २०२६ च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये. जो आकडा येईल तो पुढची दहा वर्षं, आणि मागचा अनुभव बघता कदाचित त्याहून जास्त, आमच्या डोक्यावर बसणार. तो खोटा आला तर? काही लोक म्हणतील जनगणना केंद्राचं काम, राज्याच्या मंत्र्याला कशाला पत्र. पण दारोदार जाणारे शिक्षक तुमचे, आणि शहरातल्या मोजणीचा प्रमुख, म्हणजे चार्ज अधिकारी, असतो तो तुमच्याच खात्याचा मुख्याधिकारी.

आमच्याकडे एमआयडीसीच्या बाजूला खोल्यांच्या चाळी आहेत. एका चाळीचं सांगते. दहा बाय दहाच्या चौदा खोल्या, वर पत्रा, मेन मीटर एक आणि आत मालकाचे सबमीटर, घरपट्टीचा नंबरही सगळ्यांना मिळून एकच. एका खोलीत पाच-सहा पोरं राहतात, शिफ्टप्रमाणे झोपतात, म्हणजे सकाळी गेलात तर नाईटवाले झोपलेले आणि संध्याकाळी गेलात तर खोलीला कुलूप. प्रगणक आला की मालक सांगतो इथे भाडेकरू नाहीत, दोनच खोल्या वापरात आहेत. का सांगतो? कारण त्याला वाटतं ही माहिती घरपट्टी विभागाकडे जाईल आणि कर लागेल, किंवा पोलीस येतील की भाडेकरूंची नोंद का केली नाही. आणि पोरांना विचारलं तर म्हणतात, मॅडम, हमारा नाम तो गाँव में है. त्यांना वाटतं इथे नाव दिलं की तिकडचं रेशन कटेल. २०११ ला पण हे होतं, पण तेव्हा अशा चाळी मोजक्या होत्या, मला दोनदा तीनदा जाऊन बसून समजावता आलं. आता गल्लीच्या गल्ल्या आहेत.

जनगणना कायदा १९४८ चा आहे आणि त्यात वैयक्तिक माहिती गुप्त ठेवायची स्पष्ट तरतूद आहे, ती कोर्टात पुरावा म्हणूनसुद्धा वापरता येत नाही. ही गोष्ट घरमालकांना कुणी सांगितलेलीच नाही. तुमच्या सहीने एक साधं पत्रक काढा, मराठीत आणि हिंदीत, की जनगणनेत दिलेल्या माहितीवरून कुणाचीही घरपट्टी वाढणार नाही, भाडेकरूंची माहिती पोलिसांकडे जाणार नाही, आणि इथे मोजलं म्हणून गावचं रेशन बंद होणार नाही. घंटागाडीवर रोज सकाळी गाणी लावता, आठ दिवस हे लावा. चाळीच्या मालकाला पंधरा वर्षांत सरकारकडून आलेला विश्वासाचा हा पहिला निरोप असेल.

आणि प्रगणकांचं बघा. एका प्रगणन गटात, म्हणजे एका प्रगणकाला दिलेल्या भागात, साधारण सातशे माणसं धरतात, पण गट जर जुन्या नकाशावर पाडले तर चाळींच्या भागात एका शिक्षिकेच्या वाट्याला दोन अडीच हजार माणसं येतील आणि ती बिचारी मोबाईल ॲपवर किती घरं भरणार? यंदा मोजणी डिजिटल आहे, रेंजचा प्रश्न वेगळाच. अशा भागात गट लहान करा, रात्री आठनंतर जायची सोय करा, बायकांना एकटीने पाठवू नका, सोबत वॉर्डातला पाणीवाला किंवा घंटागाडीवाला द्या. कुठल्या खोलीत किती माणसं हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नसतं.

हद्दीचं राहिलंच. जनगणनेसाठी गावांच्या, शहरांच्या हद्दी ३१ डिसेंबर २०२५ ला गोठल्या, आता ३१ मार्च २०२७ पर्यंत बदल नाही. त्यामुळे नगरपरिषदेला चिकटून असलेल्या, सगळे फॅक्टरीत जाणाऱ्या वस्त्या यावेळी पण गाव म्हणूनच मोजल्या जाणार. २०११ ला महाराष्ट्रात अशी २७८ गणना शहरं निघाली होती, म्हणजे वस्ती शहराची आणि कारभार ग्रामपंचायतीचा. चाकण त्यातलंच, ४१,११३ लोकसंख्या मोजली तेव्हा तिथे ग्रामपंचायत होती, नगरपरिषद २०१५ ला झाली, कारखाने तर त्याआधीपासून होते. मधल्या काळात गटारं, रस्ते, कचरा याचं नियोजन ज्यांनी करायचं त्यांच्याकडे ते करायची ताकदच नव्हती, आणि आज चाकण चौकात जे ट्रॅफिक तुंबतं त्याचं एक कारण ते आहे असं माझं ठाम मत आहे. यावेळी अशा गावांची यादी हाती आली की हद्दवाढीचे आणि नव्या नगरपरिषदांचे प्रस्ताव मंत्रालयात पडून राहू देऊ नका, एप्रिल २०२७ नंतर किती महिन्यांत निर्णय होणार ते आत्ताच जाहीर करा.

माझं वय झालंय, यावेळी मला कुणी ड्युटी लावणार नाही. तरी आमच्या वॉर्डात नवीन शिक्षिकांबरोबर चाळींमध्ये फिरायला मी तयार आहे, तीन-चार निवृत्त सहकारीही तयार आहेत, मानधन नको. फक्त ओळखपत्र द्यायची परवानगी मुख्याधिकाऱ्यांना तुमच्या कार्यालयातून मिळाली पाहिजे, आणि ते पत्रक प्रगणक दारात जायच्या आधी निघालं पाहिजे, नंतर निघून उपयोग नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका आणि २०११ ची प्रगणक