माझ्या खेळण्यातल्या ट्रेनची बंद पडलेली मोटर फिरली, सगळ्यांना थँक्यू!
मोटर का चालत नाही असं विचारल्यावर ज्यांनी ज्यांनी मदत केली त्यांचे मनापासून आभार, नावं कोणाचीच माहीत नाहीत पण हे जुनं इंजिन परत धावतंय ते तुमच्यामुळेच. मी तर मोटर जळाली समजून आर्मेचर (मोटरमधला तार गुंडाळलेला फिरणारा भाग) नव्याने गुंडाळायला निघालो होतो, तेव्हा एकाने थांबवलं, म्हणाला आधी ब्रश (फिरत्या भागाला करंट देणारे कार्बनचे छोटे तुकडे) काढ, मल्टिमीटर लाव, कम्युटेटरच्या (ब्रश जिथे घासतात त्या भागाच्या) ३ पट्ट्यांपैकी दोन-दोन धरून रेझिस्टन्स बघ, तिन्ही जोड्यांना सारखा आला तर वाइंडिंग, म्हणजे गुंडाळलेली तार, शाबूत. आला की सारखाच! मग दुसऱ्या कोणीतरी पट्ट्यांमधल्या फटी बघायला सांगितल्या, तिथे कार्बनची काळी भुकटी ठासून बसलेली, टूथपिकने कोरून काढली, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं, झिजलेले ब्रश बदलले. (सँडपेपर मारू नको असं ओरडून सांगणाऱ्याला डबल थँक्यू, हातात घेतलाच होता.) तरी गाडी कण्हतच चालायची, बेअरिंगमधलं जुनं तेल गोंदासारखं घट्ट झालेलं. ते साफ करून दोन्ही टोकांना एकेकच थेंब, जास्त झालं की तेल कम्युटेटरवर जातं आणि परत तोच चिकट काळा राडा. आता पुढेमागे दोन्हीकडे मस्त पळतेय, थोड्या ठिणग्या उडतात, पण तेवढं चालायचंच.